गोऱ्हा द्यायचा, बैल घ्यायचा: खेळाडूंच्या अदलाबदलीचा हिशोब कसा मांडावा?



पेट, नेट, सेटची तयारी करणारे बरेच जण मला एकच गोष्ट विचारतात, "दादा, संशोधनाचा विषय आणायचा कुठून?" माझं उत्तर ठरलेलं आहे. कट्ट्यावर जो वाद वर्षानुवर्षं मिटत नाही, तो उचला आणि मोजता येईल असा मांडा. आज असाच एक वाद घेऊ आणि तो मांडताना कुठं कुठं पाय घसरतो ते बघू.

वाद असा आहे. तुमच्या संघात एक तरुण खेळाडू आहे. गुणी आहे, मोठ्या अपेक्षेनं घेतलेला आहे, पण सध्या चालत नाहीये. समोरचा संघ म्हणतो, "तो आम्हाला द्या, बदल्यात आमचा मुरलेला माणूस घ्या." द्यायचा का?

उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत हा वाद बाराही महिने चालतो. तिथं साधारण रूप असं असतं: अडखळणारा तरुण आक्रमक खेळाडू द्यायचा आणि बचावपटू घ्यायचा. जून २०१७ मध्ये टॅम्पा बे संघानं जोनाथन ड्रूऑं हा आक्रमक खेळाडू माँट्रियलला दिला आणि मिखाईल सर्गाचेव्ह हा कोवळा बचावपटू घेतला. ड्रूऑं २०१३ च्या निवडीत तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला. मधे त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं होतं आणि त्यानं दुसरा संघही मागितला होता. पुढं तो सावरलाही. सर्गाचेव्ह मात्र २०२० आणि २०२१ मध्ये स्टॅनले कप जिंकणाऱ्या टॅम्पाच्या संघात होता.

आता आमच्या युसूफ वडगावात बर्फ दिसतो तो फक्त रसवंतीवर. तरी हा व्यवहार आपल्याला नवा नाही. बैलबाजारात गोऱ्हा देऊन, वर थोडे पैसे टाकून, कामाला लागलेला बैल घेणारा शेतकरी हेच गणित करतो. गोऱ्ह्यात उद्याची आशा आहे, बैलात आजची पेरणी आहे. प्रश्न दोन्हीकडं सारखाच आहे, म्हणून आपण आपल्या ओळखीच्या मैदानावर येऊ.

प्रकरण काय होतं?

नोव्हेंबर २०१९. आयपीएलमध्ये दिल्ली कॅपिटल्सनं राजस्थान रॉयल्सकडून अजिंक्य रहाणेला घेतलं. बदल्यात मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया हे दोन लेगस्पिनर दिले.

रहाणे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. मूळचा संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, तेव्हा वय ३१. तंत्र पक्कं, सलामीचा भरवसा. आदल्याच मोसमात त्यानं ३९३ धावा केल्या होत्या आणि त्यातली नाबाद १०५ धावांची खेळी दिल्लीविरुद्धच होती. त्याच मोसमात मध्येच राजस्थाननं त्याचं कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथकडं दिलं होतं.

मार्कंडे हा या गोष्टीतला गोऱ्हा. २०१८ मध्ये मुंबई इंडियन्सकडून पहिल्याच सामन्यात चेन्नईविरुद्ध २३ धावांत ३ बळी, मोसमात १४ सामन्यांत १५ बळी. २०१९ मध्ये फक्त ३ सामने आणि १ बळी. त्याची जागा राहुल चहरनं घेतली. जुलै २०१९ अखेर मुंबईनं त्याला दिल्लीला दिलं, दिल्लीनं साडेतीन महिन्यांत राजस्थानला दिलं. दिल्लीची जर्सी घालून एकही आयपीएल सामना न खेळता तो तिसऱ्या संघात गेला, तेव्हा त्याचं वय होतं २२. 'तो चालत नाही' हे वाक्य कट्ट्यावर फुकट असतं. ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याला त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून हे वाक्य किती पुराव्यावर उभं आहे ते तपासणं गरजेचं आहे.

तीन सामने किती सांगतात?

पहिली पायरी: पुरावा किती आहे ते मोजा. समजा मार्कंडेची खरी कुवत २०१८ सारखीच आहे, म्हणजे सामन्यामागं साधारण १ बळी, नेमकं सांगायचं तर १५ भागिले १४. मग ३ सामन्यांत सरासरी ३.२ बळी अपेक्षित. प्रश्न असा की कुवत अजिबात घटलेली नसतानाही, निव्वळ नशिबानं, ३ सामन्यांत १ किंवा शून्य बळी मिळण्याची शक्यता किती?

यासाठी पॉयसाँ वितरण वापरता येतं. एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या मुलांना ते पाठ असेल. बाकीच्यांनी एवढंच लक्षात ठेवा की ठरावीक काळात एखादी घटना किती वेळा घडेल याचा अंदाज त्यातून काढतात. उत्तर येतं सुमारे १७ टक्के. म्हणजे अगदी चांगला असलेला गोलंदाजसुद्धा दर सहा वेळांतून एकदा अशा तीन सामन्यांतून जाईल. एवढ्या पुराव्यावर कुणाला 'संपला' म्हणता येणार नाही.

पण इथंच थांबू नका, कारण हिशोबाला दुसरी बाजू आहे. त्याला तीनच सामने का मिळाले? प्रशिक्षक त्याला रोज नेट्समध्ये बघत होते. आकड्यांत न दिसणारी माहिती त्यांच्याकडं होती. म्हणजे 'न खेळलेले' सामनेही काहीतरी सांगतात, फक्त काय सांगतात ते आपल्याला बाहेरून कळत नाही. तुमच्या सर्वेक्षणात ज्यांनी उत्तरं दिली नाहीत, ते का दिली नाहीत, हा प्रश्न अगदी याच जातीचा आहे. गाळलेली माहिती योगायोगानं गाळली गेली असं धरून चालणं ही नवख्या संशोधकाची नेहमीची चूक.

चांगल्या बाजूनंही हेच लागू होतं. आपल्या बीडच्या सचिन धसनं फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा केल्या, तेही ४ बाद ३२ अशी अवस्था असताना. जिल्हाभर पेढे वाटावेत अशी खेळी. तिनं धीर दिसला, कुवत दिसली. पण पुढच्या दहा वर्षांचं भाकीत एका खेळीवर करायला गेलात, तर तुम्ही त्या मुलावरही अन्याय कराल. फ्रान्सिस गॉल्टननं १८८६ मध्ये उंच आईबापांच्या मुलांची उंची मोजून दाखवलं होतं की टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप सरासरीकडं झुकतं. फार चांगल्या मोसमानंतर जरा साधा मोसम येणं आणि फार वाईटानंतर जरा बरा येणं, यात बऱ्याचदा खेळाडूनं काहीच वेगळं केलेलं नसतं.

संघात आधी कोण आहे?

दुसरी पायरी: खेळाडूची किंमत एकट्याची नसते. कबड्डीचा संघ डोळ्यासमोर आणा. गावच्या संघात चढाई करणारे चार जण आहेत आणि कोपरा धरणारा एकही नाही. अशा वेळी पाचवा चढाईपटू कितीही चपळ असला तरी त्यानं संघात पडणारी भर थोडी. तोच देऊन बरा कोपरारक्षक मिळाला तर अख्खा संघ बदलतो. अर्थशास्त्रात याला सीमांत मूल्य म्हणतात. प्रश्न 'खेळाडू किती चांगला?' हा नाही. प्रश्न आहे, 'तो आल्यानं, त्याच्याशिवायच्या संघापेक्षा किती फरक पडतो?'

या चष्म्यातून दिल्लीकडं बघा. २०१९ च्या मोसमात शिखर धवन ५२१, ऋषभ पंत ४८८, श्रेयस अय्यर ४६३ आणि पृथ्वी शॉ ३५३. वरचे चार जण भरलेले होते. त्यात पाचवा वरच्या फळीचा फलंदाज आला. दुसऱ्या बाजूला फिरकीत अमित मिश्रा, अक्षर पटेल, संदीप लामिछाने होते आणि त्याच महिन्यात रविचंद्रन अश्विनलाही दिल्लीनं पंजाबकडून आणलं होतं. म्हणजे मार्कंडे आणि तेवतियाला देताना दिल्लीचं फारसं बिघडत नव्हतं, आणि रहाणेला घेऊन फारसं सुधारतही नव्हतं.

राजस्थानकडं तरी मार्कंडेची गरज होती का? त्यांचा श्रेयस गोपाळ हा लेगस्पिनर २०१९ मध्ये २० बळी घेऊन बसला होता. म्हणजे ज्याला 'खेळायला मिळेल' म्हणून पाठवलं, त्याच्यासाठी तिथंही जागा रिकामी नव्हती. तेवतियाचं वेगळं होतं. तो फिरकीबरोबर खाली येऊन बॅटही फिरवू शकत होता.

इथं संशोधनाच्या विद्यार्थ्यांसाठी मोठी शिकवण आहे. कुठल्याही योजनेचं, औषधाचं, शिकवण्याच्या पद्धतीचं मूल्यमापन करताना तुलना कशाशी करायची हे आधी ठरवा. 'शेततळं झालं आणि उत्पन्न वाढलं' हे अर्धं वाक्य आहे. शेततळं नसतं तर त्याच शेतकऱ्याचं काय झालं असतं, हा उरलेला अर्धा भाग.

तो देतोय तरी का?

तिसरी पायरी बैलबाजारातली. समोरचा माणूस चांगला दिसणारा बैल विकायला काढतो, तेव्हा आपला आजा पहिला प्रश्न काय विचारायचा? "इकतोय का?" बैल मारका आहे, की मधेच बसतो, की पायात काही खोट आहे? विकणाऱ्याला जनावर जास्त माहीत असतं. जॉर्ज अकरलॉफनं १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हेच सिद्धांतात मांडलं आणि २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला विभागून मिळालं. एका बाजूला माहिती जास्त असेल, तर घेणारा संशयानं कमी भाव देतो आणि चांगला माल बाजारातच येत नाही.

म्हणून होतकरू खेळाडू मिळतोय म्हटल्यावर हुरळून न जाता विचारावं लागतं: दोन संघांनी काही महिन्यांत त्याला सोडलं, त्यांना काय दिसलं? कधी कधी उत्तर साधं असतं: त्यांच्याकडं त्याच्यासाठी जागा नव्हती. मार्कंडेच्या बाबतीत हे उत्तर बरंचसं लागू पडतं.

याच्या उलटही एक सापळा आहे. आपण जास्त मोल देऊन घेतलेल्या माणसाला सोडवत नाही. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बास्केटबॉल खेळाडूंचा अभ्यास छापला. निवडीत वरच्या क्रमांकावर घेतलेल्या खेळाडूंना, कामगिरी तेवढीच असली तरी, खेळायला जास्त वेळ मिळतो, संघ त्यांना जास्त वर्षं सांभाळतो आणि दुसरीकडं पाठवायला कचरतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे खर्च झालेला पैसा निर्णयात डोकावत राहतो. गोऱ्हा महाग घेतला होता म्हणून त्याला औताला जुंपत राहायचं, असा हा प्रकार.

किती दिवस दावणीला राहणार?

चौथी पायरी बऱ्याच चर्चांत राहूनच जाते. होतकरू खेळाडू फुलेल, हे खरं. पण फुलेल तेव्हा तो तुमच्याकडं असेल का? आयपीएलमध्ये काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि मोजके खेळाडू सोडून सगळे पुन्हा बाजारात जातात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण त्याआधीचं आहे. २०१८ च्या अखेरीस दिल्लीनं हैदराबादकडून शिखर धवनला आणलं आणि बदल्यात विजय शंकर, शाहबाज नदीम आणि १८ वर्षांचा अभिषेक शर्मा दिला. आज अभिषेकचं नाव ऐकून कुणीही म्हणेल, "दिल्लीनं काय केलं हे!" पण आकडे मांडा. पुढच्या तीन मोसमांत धवननं दिल्लीसाठी ५२१, ६१८ आणि ५८७ अशा १७२६ धावा केल्या. त्याच तीन मोसमांत अभिषेकच्या हैदराबादसाठीच्या धावा २०० च्याही आत. मग २०२२ चा मोठा लिलाव आला. हैदराबादला त्याच अभिषेकसाठी भर लिलावात साडेसहा कोटी मोजावे लागले, धवन दिल्ली सोडून पंजाबला गेला. २०२४ मध्ये अभिषेकनं ४८४ धावांचा जो धुमाकूळ घातला, तो त्या अदलाबदलीतून मिळालेला नव्हता, तो लिलावात पुन्हा विकत घेतलेला होता. अदलाबदलीचा हिशोब २०२१ लाच बंद झाला होता. तुमच्या अभ्यासाची मुदत किती, हे आधी न ठरवता निष्कर्ष काढलात तर असंच उलटं उत्तर येतं.

निकालावरून निर्णय तोलू नका

आता रहाणेच्या व्यवहाराचं पुढं काय झालं ते सांगतो. मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण ते आधी कळलं असतं तर वरचे चारही मुद्दे तुम्ही त्याच रंगात वाचले असते.

२०२० मध्ये रहाणेला ९ सामने मिळाले, धावा ११३. २०२१ मध्ये २ सामने, ८ धावा. इकडं तेवतियानं २७ सप्टेंबर २०२० ला शारजात पंजाबविरुद्ध २२४ धावांचा पाठलाग करताना आधी २३ चेंडूंत १७ धावा काढून सगळ्यांचा जीव टांगणीला लावला आणि मग शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात ५ षटकार मारले. राजस्थान जिंकलं. त्या मोसमात त्याच्या २५५ धावा आणि १० बळी. ज्याला सगळे 'वरची भर' समजत होते, तोच खरा व्यवहार निघाला. मार्कंडेला राजस्थानमध्ये फारसं खेळायलाच मिळालं नाही. २०२३ मध्ये तो हैदराबादकडून खेळला, १० सामन्यांत १२ बळी, पंजाबविरुद्ध १५ धावांत ४. गोऱ्हा चांगलाच होता. पण तो फुलला तेव्हा आधीच्या तिन्ही मालकांपैकी कुणाच्याच दावणीला नव्हता. आणि रहाणे? २०२३ मध्ये चेन्नईनं त्याला ५० लाखांत घेतलं आणि ३५ च्या उंबरठ्यावर त्यानं ३२६ धावा केल्या, स्ट्राइक रेट १७२!

हे वाचून 'दिल्ली फसली' असं लगेच म्हणावंसं वाटतं. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये या ओढीवरच प्रयोग छापले होते. एकच वैद्यकीय निर्णय, एकच माहिती; फक्त शेवटी रुग्ण वाचला की दगावला एवढं बदललं. शेवट वाईट असला की लोकांनी निर्णयालाच कमी गुण दिले. निर्णय घेताना डॉक्टरला शेवट माहीत नव्हता, याचा विसर पडतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर, पाऊस चांगला झाला म्हणून पीकविम्याचा हप्ता वाया गेला असं शहाणा शेतकरी म्हणत नाही. दिल्लीच्या बाजूनं हाच युक्तिवाद होऊ शकतो. रहाणे हा विमा होता. २ नोव्हेंबर २०२० ला बंगळुरूविरुद्ध तो कामालाही आला. त्याच्या ६० धावांच्या जोरावर दिल्लीनं गुणतक्त्यात दुसरं स्थान पक्कं केलं आणि पुढं पहिल्यांदाच अंतिम सामना गाठला.

मग माझा निवाडा काय? दिल्लीचा व्यवहार मला कमजोर वाटतो. कारण ११३ धावा हे नाही. वरचे चार फलंदाज आधीच भरलेले होते, हे नोव्हेंबर २०१९ ला सगळ्यांना दिसत होतं आणि बाकावर बसणाऱ्या विम्यासाठी दोन तरुण देणं हा महागडा हप्ता होता. राजस्थानचा व्यवहार बरा, पण तेवतियाच्या पाच षटकारांमुळं नव्हे. एकाच सौद्यात दोन वेगळ्या शक्यता हाती आल्या म्हणून. माझ्याशी तुम्ही असहमत होऊ शकता. मात्र वाद घालताना त्या दिवशी जे माहीत होतं तेवढंच वापरायचं, ही अट पाळा.

आता तुमची पाळी

एक ताजं प्रकरण देतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पालघरचा शार्दूल ठाकूर लखनऊकडून मुंबईत २ कोटींत आला आणि गोव्याकडून खेळणारा अर्जुन तेंडुलकर मुंबईकडून लखनऊला ३० लाखांत गेला. कागदावर हे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत. अर्जुनच्या खात्यावर तोवर आयपीएलचे ५ सामने आणि ३ बळी होते.

वहीत चार ओळी लिहा. एक, ५ सामन्यांवरून काय म्हणता येतं आणि काय नाही? दोन, दोन्ही संघांत त्या जागेवर आधी कोण होतं? तीन, कोण का सोडतंय? चार, हिशोब कधी बंद करायचा? आणि सगळ्यात आधी, पानाच्या वर 'नोव्हेंबर २०२५' अशी तारीख घाला. त्या तारखेनंतरचं काहीही वापरायचं नाही. आडनावही बाजूला ठेवा, ते पुराव्यात मोडत नाही.

ही सवय लागली की ती खेळापुरती राहत नाही. पेटच्या एका प्रयत्नात गुण कमी पडले म्हणून 'आपल्यानं होत नाही' म्हणणारे माझ्या ओळखीतच अनेक आहेत. एक प्रयत्न म्हणजे एक खेळी. शंभर प्रश्न, एक सकाळ, कदाचित रात्रभराच्या एसटी प्रवासानंतरची. स्वतःबद्दल निष्कर्ष काढतानाही नमुना किती मोठा आहे ते आधी बघा.

तुमच्या चार ओळी मला नक्की पाठवा. पुढच्या लेखात त्यातल्या दोन-तीन घेऊन, त्यांचं संशोधन-प्रस्तावात रूपांतर कसं करायचं ते बघू.